फ्लॉरेन्सनं दार का उघडावं?

(घरकामगार स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्राचा विषय 'प्रसारमाध्यमं आणि घरकाम करणारी स्त्री' असा आहे. त्यात मी एका जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेबद्दल बोलणार, हे कळल्यावर मघाशी चहाच्या वेळी एकीनं मला सरळच विचारलं, "आपल्याकडच्या मालिका कमी पडल्या का गं तुला?" कमी नाही पडल्या. आपल्या मालिकांमधली मोलकरीण पदर खोचून येते, इकडचं तिकडे सांगते, स्वतःचं हसं करून घेते आणि चहाचा ट्रे ठेवून निघून जाते. तिच्यावर आपण इतक्या शिबिरांत बोललोय की ते सगळं आपल्याला पाठ आहे. मला आज जी मोलकरीण तुमच्यासमोर आणायची आहे, ती दाराची बेल वाजली तरी जागची उठत नाही.

मालिकेचं नाव 'द जेफरसन्स'. १८ जानेवारी १९७५ ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ती सुरू झाली आणि १९८५ मध्ये संपली. अकरा हंगाम, २५३ भाग. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या एका मॅडमनी वर्गात तिचा पहिला भाग दाखवला होता. तेव्हा मी हसले आणि विसरून गेले. मध्यंतरी पुन्हा पाहायला घेतली ती वेगळ्याच कारणानं. ते कारण काही माझ्या कौतुकाचं नाही, पण ओघात सांगेन.

गोष्ट अशी. जॉर्ज जेफरसन आणि त्याची बायको लुईझ हे न्यूयॉर्कमधलं कृष्णवर्णीय जोडपं. आधी ते क्वीन्स भागातल्या साध्या वस्तीत राहायचे, आर्ची बंकर नावाच्या वर्णद्वेष्ट्या गोऱ्या माणसाच्या शेजारी. हा आर्ची म्हणजे 'ऑल इन द फॅमिली' या १९७१ साली सुरू झालेल्या मालिकेचा नायक, आणि त्या मालिकेतूनच जेफरसन मंडळी वेगळी निघाली. जॉर्जला एका अपघाताची भरपाई मिळाली होती. त्यातून त्यानं ड्रायक्लीनिंगचं दुकान काढलं. एकाची दोन, दोनाची चार, होता होता सात दुकानं झाली. मग क्वीन्स सोडून मॅनहॅटनमध्ये, ईस्ट साइडला, उंच इमारतीतला आलिशान फ्लॅट. खाली दरवान, बक्षिसीसाठी टपून बसलेला. मालिकेचं शीर्षकगीतही याच वर चढण्याबद्दल आहे. ते जॅनेट ड्युबॉइस या अभिनेत्रीनं जेफ बॅरीबरोबर लिहिलं आणि स्वतः गायलं.

निर्माते नॉर्मन लिअर एक आठवण सांगायचे. ब्लॅक पँथरचे तीन कार्यकर्ते त्यांच्या कचेरीत येऊन थडकले आणि भांडले, की टीव्हीवर काळा माणूस दिसतो तो गरीबच का? तेव्हा त्यांची 'गुड टाइम्स' ही शिकागोच्या सरकारी चाळींमधल्या कुटुंबाची मालिका चालू होती. या भांडणातून श्रीमंत जेफरसन कुटुंबाची कल्पना पक्की झाली, असं लिअर म्हणत. ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत आपल्या दलित पँथरनं नाव घेतलं, तेच हे पँथर. मागणी योग्यच होती. पण 'काळा माणूस श्रीमंत दाखवा' म्हटल्यावर श्रीमंताच्या घरात जे जे असतं ते ते आलंच. म्हणजे मोलकरीणही आली.

इथे जरा मागे जायला हवं, कारण हे लक्षात घेतल्याशिवाय पहिल्या भागातला विनोद कळत नाही. गुलामी कायद्यानं संपली १८६५ मध्ये. त्यानंतर दक्षिणेकडच्या शहरांत काळ्या बायका मोठ्या संख्येनं एकच काम करत होत्या: गोऱ्यांचे कपडे धुणं. वॉशिंग मशीन नाही, पाणी वाहून आणायचं, चुलीवर उकळायचं, साबणसुद्धा घरी करायचा. १८८१ च्या उन्हाळ्यात अटलांटा शहरात वीसेक धोबिणींनी एकत्र येऊन संघटना केली, धुण्याचा दर ठरवून मागितला आणि संप पुकारला. काही आठवड्यांत संपात तीन हजारांच्या आसपास बायका होत्या. दारोदार जाऊन, चर्चमध्ये सभा घेऊन उभा केलेला संप. त्यांना अटका झाल्या, दंड झाले, नगरपालिकेनं जबर परवाना शुल्क लावायची धमकी दिली. तर त्यांनी महापौरांना कळवलं, की शुल्क भरायला तयार आहोत, पण धुण्याचे दर आम्हीच ठरवू.

आता जॉर्ज जेफरसनची सात दुकानं डोळ्यांसमोर आणा. कपडे धुणं हे जोवर बाईचं काम होतं तोवर ती धोबीण. त्याला दुकान, यंत्रं आणि पाटी मिळाली तेव्हा ते पुरुषाच्या नावानं झालं. मालिका हे कुठे बोलून दाखवत नाही. लिहिणाऱ्यांच्या मनातही नसेल. डॉन निकोल, मायकल रॉस आणि बर्नी वेस्ट या तीन गोऱ्या पुरुषांनी ती निर्माण केली होती. पण इतिहास असा न विचारताच येऊन बसतो.

लुईझ तर स्वतःच पूर्वी लोकांच्या घरी काम केलेली. १९४० साली अमेरिकेत नोकरी करणाऱ्या काळ्या स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के घरकामगार होत्या. तिच्याच न्यूयॉर्कमध्ये मंदीच्या काळात ब्रॉन्क्स भागात काळ्या बायका सकाळपासून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि गोऱ्या गृहिणी येऊन तासाच्या बोलीवर त्यांना घेऊन जायच्या. आपल्याकडचा मजूर नाकाच तो. एला बेकर आणि मार्व्हेल कुक या दोघींनी १९३५ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि त्या जागेला 'गुलामांचा बाजार' हेच नाव दिलं. त्याच दशकात तिथे म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, युनियनचा झाला, १९३८ मध्ये किमान वेतनाचा झाला, आणि घरकामगार बाई या तिन्हींच्या बाहेर राहिली. घरकामाला किमान वेतन लागू झालं ते थेट १९७४ च्या मे महिन्यात. त्यासाठी संसदेत शर्ली चिझम झगडल्या. तिथल्या संसदेत निवडून गेलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री, आणि त्यांची आई घरकाम केलेली. बाहेरून रेटा होता तो डोरोथी बोल्डेन यांच्यासारख्यांचा. नवव्या वर्षी घरकामाला लागलेल्या या बाईनं १९६८ साली अटलांटातच घरकामगारांची संघटना बांधली, तीही बसमध्ये! कामावर जाणाऱ्या बायका ज्या बसमधून जायच्या त्यातून फिरत फिरत. सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवलेलं पाहिजे, ही अट.

म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा त्या कायद्याला नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते.

तर पहिला भाग. लुईझ नव्या इमारतीत एकटी पडली आहे. तिची तिथल्या एका मोलकरणीशी मैत्री होते. त्या बाईला वाटतं, लुईझही आपल्यासारखीच इथे कुणाकडे तरी कामाला आहे. काळी बाई, अशा इमारतीत, आणखी कशाला असणार? आणि लुईझ तिला खरं सांगत नाही. इकडे जॉर्जनं धोशा लावलाय, की या घराला शोभेल अशी मोलकरीण ठेवलीच पाहिजे, आणि मोलकरणीशी दोस्ती बंद. लुईझ अवघडून गेलेली. कालपर्यंत आपण ज्या जागी उभ्या होतो तिथे दुसरीला उभं करायचं!

शेवटी फ्लॉरेन्स जॉन्स्टन नावाची बाई कामासाठी बोलणी करायला येते. घरात लुईझ आहे आणि तिची शेजारीण हेलन विलिस आहे, तीही कृष्णवर्णीय. फ्लॉरेन्स दोघींना विचारते, तुम्ही खरंच या इमारतीत राहता? दोघीही? हो म्हटल्यावर ती म्हणते, की मग आपण जिंकलो कधी, आणि मला कुणी कळवलं कसं नाही!

यातली खोच अशी, की तिच्या तोंडी जो शब्द आहे तो नागरी हक्कांच्या चळवळीतल्या 'वुई शॅल ओव्हरकम' या गाण्यातला आहे. 'हम होंगे कामयाब' म्हणून आपण जे प्रत्येक शिबिराच्या शेवटी हात धरून गातो, ते गाणं. आजही संध्याकाळी गाऊच. मला ते म्हणताना हल्ली फ्लॉरेन्स आठवते. कामयाब झालेल्या बायका दिवाणखान्यात बसलेल्या, आणि ज्या बाईला बातमीच पोचली नाही ती दारात उभी, काम मागायला.

ही भूमिका मार्ला गिब्ज या अभिनेत्रीनं केली. एवढ्या एका प्रसंगापुरतीच येऊन गेल्यासारखी ती आली, पण लोकांना इतकी आवडली की अकरा वर्षं टिकली. गंमत म्हणजे, सुरुवातीची दोन वर्षं ती विमान कंपनीतली आरक्षणाची नोकरी सोडायला तयार नव्हती. दिवसा चित्रीकरण करून पुन्हा नोकरीवर. टीव्हीवरच्या मोलकरणीला उद्याची खात्री वाटत नव्हती, तर खऱ्याखुऱ्या मोलकरणीचं काय बोला. आणि लुईझ झालेली इझाबेल सॅनफर्ड? ती १९६७ च्या 'गेस हूज कमिंग टु डिनर' या चित्रपटात मोलकरीणच होती. हॅटी मॅकडॅनियलला १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं, तेही मोलकरणीच्याच भूमिकेसाठी. सॅनफर्डला १९८१ मध्ये लुईझसाठी विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी मिळालं. कृष्णवर्णीय स्त्रीला पहिल्यांदाच. पुरस्कार घेताना ती म्हणाली, की इतकी वाट पाहिली की माझी विनयशीलता संपून गेली! दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला तोच पुरस्कार मिळायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. मार्ला गिब्जला पाच वेळा नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही.

आता ते दार. मालिकेत पुन्हा पुन्हा येणारा विनोद असा. बेल वाजते. फ्लॉरेन्स बसलेली असते किंवा मासिक चाळत असते. ती उठत नाही. जॉर्ज ओरडतो. ती त्याच्या टकलावर, उंचीवर, चिक्कूपणावर एखादं वाक्य टाकते. शेवटी दार लुईझ उघडते, नाहीतर तणतणत जॉर्ज स्वतः. प्रेक्षक हसून लोटपोट.

आम्ही वर्गात याच्यावर चर्चा केली तेव्हा मी मोठ्या आवेशात म्हटलं होतं, की हा आळशी मोलकरणीचा जुनाच साचा आहे. तसा तो आहेही. मालकाला उलट बोलणारी, कामचुकार बाई म्हणजे मालकिणींच्या गप्पांमधला कायमचा विषय. आज मला ते तेवढंच वाटत नाही. घराचं दार उघडणं म्हणजे आलेल्या माणसाला सांगणं, की या घरात नोकर आहे. जॉर्जला नेमकं तेच सांगायचं असतं. पैसा दाखवायला त्याला फ्लॉरेन्स हवी आहे. ती स्वयंपाक करते, घर आवरते, पण दारात शोभेला उभं राहायला नकार देते. आपल्या बायका नाही का म्हणत, "भांडी घासीन, पण पाहुण्यांसमोर चपला उचलणार नाही"? वस्तीतल्या बैठकीत हे वाक्य मी किती तरी वेळा ऐकलंय. कामाची हद्द कुठे संपते ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. कागदावर लिहिलेलं नसतं, एवढंच.

एका भागात फ्लॉरेन्स इमारतीतल्या मोलकरणींची युनियन बांधायला निघते. विनोदी मालिका ती, सगळं अर्ध्या तासात मिटवावं लागतं. पण सत्तरच्या दशकात, घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत हे आलं हेही कमी नाही. पुण्यात आपल्याकडे मोलकरणींनी काम बंद केलं ते १९८० साली.

मालिकेवर टीका पुष्कळ झाली. जॉर्जचं ते छाती काढून ऐटीत चालणं आणि आरडाओरडा म्हणजे गोऱ्यांना हसवण्यासाठीचा जुनाच काळा विदूषक आहे, असं काळ्या समीक्षकांनीही म्हटलं. काही अंशी पटतं. पण तिच्या पदरी काही चांगल्या गोष्टी टाकायलाच हव्यात. हेलनचा नवरा टॉम गोरा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये वर्णावरून लग्नाला बंदी करणारे कायदे रद्द केले, त्याला जेमतेम साडेसात वर्षं झाली होती, आणि हे जोडपं दर आठवड्याला लोकांच्या दिवाणखान्यात येऊन बसू लागलं. हेलनचं काम करणाऱ्या रॉक्सी रोकरला विचारलं होतं म्हणे, की गोऱ्या नवऱ्याची बायको व्हायला तुम्हाला अवघड वाटणार नाही ना? तिनं स्वतःच्या नवऱ्याचा फोटो काढून दाखवला. तोही गोराच!

माझा आक्षेप दुसरा आहे. पुढे लुईझ हेलनबरोबर एका मदत केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करू लागते. अडलेल्यांना सल्ला देते, धीर देते. म्हणजे आपल्यासारखंच. ती जीव लावून करते हे सगळं, आणि ती ढोंगी नाही. आणि ती मदत केंद्रात असते तेव्हा तिच्या घरचा स्वयंपाक फ्लॉरेन्स करत असते. पुढे फ्लॉरेन्स तिथेच राहायला येते. आणि १९७४ च्या त्या कायद्यात मालकाच्या घरीच राहणाऱ्या बाईला जादा तासांचा जादा पगार नव्हता! लुईझ तिला 'फ्लॉरेन्स' म्हणते, ती लुईझला 'मिसेस जेफरसन'. अकरा वर्षं. आपण तरी काय करतो? 'मावशी' म्हणतो. 'मावशी' म्हटलं की पगाराचं बोलायला दोघींनाही संकोच वाटतो, आणि त्या संकोचाचा फायदा एकीलाच होतो.

आता ते कारण सांगते.

माझी आई धुणीभांडी करायची. सहा घरं. तिच्या त्या पैशांतून मी बारावी झाले, पुढे शिष्यवृत्तीवर एमएसडब्ल्यू. आज मी आणि नवरा हप्त्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो, लिफ्ट असलेल्या. पहिल्यांदा आई तिथे आली तेव्हा खाली वॉचमननं विचारलं, "कुणाकडे कामाला?" आईनं 'लेकीकडं आलेय' असं सांगितलं नाही. फ्लॅटचा नंबर तेवढा सांगितला आणि कामवाल्यांच्या लिफ्टनं वर आली. मी संतापले, खाली जाऊन भांडायला निघाले. आई म्हणाली, "बस गप. त्या लिफ्टमधी बोलायला बाया तरी हुत्या. तुज्या लिफ्टमधी कोण बोलतं?"

पुढे आमच्याकडे एक ताई कामाला येऊ लागल्या. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव सांगत नाही. मी दिवसभर वस्त्यांमध्ये भरपगारी रजेबद्दल बोलते, २००८ च्या घरेलू कामगार कायद्याबद्दल बोलते, नोंदणीचे फॉर्म भरून देते. एका पावसाळ्यात त्यांच्या मुलीला डेंग्यू झाला. चार दिवस आल्या नाहीत. महिन्याच्या शेवटी मी पैसे मोजले आणि दोन दिवसांचे कापले. चारचे नाही कापले, दोनचेच, आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. त्यांनी नोटा मोजल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या पत्रकात आजारपणाची रजा भरपगारी लिहिलीय. मी वाचलंय. फ्रिजवर लावलंय तुम्ही."

पत्रक मीच लिहिलेलं होतं.

कापलेले पैसे मी तिथल्या तिथे दिले, पण त्यानं काही मिटलं नाही. त्या रात्री झोप येईना म्हणून 'जेफरसन्स'चा तो पहिला भाग शोधून पुन्हा पाहिला. वर्गात पाहताना मी स्वतःला फ्लॉरेन्सच्या बाजूला धरलं होतं. मोलकरणीची मुलगी ना मी! यावेळी लक्षात आलं, की दिवाणखान्यात बसलेली मी आहे. वर चढून आलेली, मनानं चांगली, अवघडलेली, मदत केंद्रात जाणारी. लुईझबद्दल मला माया वाटते. आईचं ते लिफ्टमधलं वाक्यही मला तिच्यामुळेच नीट कळलं. त्या मोलकरीण मैत्रिणीला तिनं खरं का सांगितलं नाही? तर त्या अख्ख्या इमारतीत बोलायला तीच एक होती म्हणून.

न्यूयॉर्क राज्यानं २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा केला, अमेरिकेतला पहिला. जादा तासांचा मोबदला, आठवड्याची सुट्टी, वर्षानंतर काही दिवसांची भरपगारी रजा. तो मिळवायला सहा वर्षं झगडल्या त्या बहुतेक कॅरिबियन, लॅटिन अमेरिकन, आशियाई स्थलांतरित बायका. शिडीवर एक पायरी रिकामी झाली की तिथे दुसऱ्या देशातली बाई येऊन उभी राहते. जॉर्ज-लुईझच्या ईस्ट साइडवरही त्या कायद्यानं भांडी कुणी घासायची ते बदललं नाही. पण कामाचे तास ठरले, आणि ते मालकिणीच्या मायेवर अवलंबून राहिले नाहीत.

माझं बोलणं लांबलं, चिठ्ठी आलीये. एकच गोष्ट राहिली. त्या ताईंनी आणि मी मिळून एक साधा करार लिहिला आहे: कामं कोणती, तास किती, रजा किती, दिवाळीला काय, आणि पगारवाढ कधी. एका पानाचा आहे. मी लिहिलेल्या मसुद्यातल्या दोन ओळी त्यांनी खोडल्या. 'घरच्यासारखं वागवलं जाईल' ही एक, आणि 'गरज पडल्यास इतर कामं' ही दुसरी. खाली त्यांच्या अक्षरात एक नवी ओळ आहे, ती पाहुण्यांबद्दल आहे. त्याच्या प्रती मी आणल्या आहेत. दुपारच्या सत्रात गटांमध्ये वाचून काय खोडायचं आणि काय घालायचं ते सांगा. ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी एक प्रत जास्तीची घ्यावी.